मध्यरेषेवरचे वाशीम आणि भास्कराचार्यांची अखेरची पोथी

शके ११०५, म्हणजे इ.स. ११८३ मध्ये, भास्कराचार्य एकोणसत्तर वर्षांचे होते. ज्या ‘सिद्धान्तशिरोमणी’ने त्यांचे नाव देशभर पोचवले, तो लिहून तेहेतीस वर्षे झाली होती. या वयात त्यांनी आणखी एक ग्रंथ हाती घेतला. आकाराने तो लहान होता, त्यात उपपत्ती नव्हत्या आणि वादही नव्हते. पंचांग करणाऱ्या साध्या गणकाला ग्रहांची स्थाने झटपट काढता यावीत, एवढाच त्याचा हेतू होता. ‘करणकुतूहल’ या नावाच्या या पोथीच्या पहिल्याच अध्यायात पृथ्वीची मध्यरेषा कोणकोणत्या गावांवरून जाते, याची एक यादी आहे. राक्षसांची नगरी म्हणजे लंका, तेथून देवकन्या, कांची, श्वेत पर्वत, पर्यली, वत्सगुल्म, उज्जयिनी, गर्गराट, कुरुक्षेत्र आणि शेवटी मेरू. या यादीतील वत्सगुल्म म्हणजे विदर्भातील आजचे वाशीम.

लीलावतीचा कर्ता म्हणून भास्कराचार्य महाराष्ट्रातील शाळकरी मुलांनाही ठाऊक असतात. मात्र ज्या कामासाठी त्यांनी आयुष्यभर गणित केले, त्या ग्रहगणिताची ओळख फारच थोड्यांना असते. वाशीमचे नाव त्यांच्या पोथीत का आले आणि ते कितपत अचूक होते, हे पाहू गेल्यास या थोर गणितज्ञाच्या आयुष्याचा नेमका गाभा हाती लागतो.

भास्कराचार्यांनी आपला जन्मशक स्वतःच नोंदवून ठेवला आहे. शके १०३६, म्हणजे इ.स. १११४ मध्ये त्यांचा जन्म झाला आणि छत्तिसाव्या वर्षी त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ रचला. गोत्र शांडिल्य, वडिलांचे नाव महेश्वर आणि वास्तव्य सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेल्या विज्जडविड या गावी, एवढी माहिती त्यांनी दिली आहे. वडील हेच त्यांचे गुरू होते. विज्जडविड कोठले, यावर गेली दीडशे वर्षे वाद चालू आहे. कोणी विजापूर म्हणतात, कोणी बीड, तर कोणी खानदेशातील चाळीसगावजवळचे पाटण. या वादात प्रादेशिक अभिमानाचा वाटा मोठा आहे. त्या मानाने त्यांच्या घराण्याबद्दलचा पुरावा अधिक ठोस असून तो दगडावर कोरलेला आहे.

चाळीसगावजवळ पाटण येथील देवीच्या मंदिरात एक शिलालेख आहे. मुंबईचे विद्वान वैद्य डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो १८६५ साली जगापुढे आणला. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठ स्थापन केला आणि इ.स. १२०७ मध्ये निकुंभ घराण्यातील सोइदेव व त्याचा भाऊ हेमाडिदेव यांच्या आश्रयाने त्या मठाला दाने मिळाली, असे हा लेख सांगतो. दानाचा तपशील सांगणारा त्याचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. लेखात घराण्याची वंशावळही आहे. त्रिविक्रम, त्याचा पुत्र भास्करभट्ट, पुढे गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर आणि मग आपले भास्कराचार्य. त्यांचा मुलगा लक्ष्मीधर याला यादव राजा जैत्रपाल याने पाटणहून नेऊन पंडितांचा मुख्य केले, तर चांगदेव हा सिंघण राजाचा प्रमुख ज्योतिषी झाला. सात-आठ पिढ्या विद्येवर जगलेल्या घरातला हा माणूस होता. त्याच्या मागे उभी असलेली परंपरा ध्यानात घेतली म्हणजे त्याच्या ग्रंथांतील सफाईचे आश्चर्य वाटत नाही. आश्चर्य वाटते ते त्याने परंपरेत घातलेल्या भरीचे.

‘सिद्धान्तशिरोमणी’चे चार भाग आहेत. लीलावती हे अंकगणित आणि भूमिती, बीजगणित हे नावाप्रमाणे बीजगणित, गणिताध्यायात ग्रहांची गणिते आणि गोलाध्यायात त्या गणितांमागचे गोलाचे ज्ञान. या चारही भागांचा रोख शेवटी आकाशाकडे आहे. पहिले दोन भाग म्हणजे हत्यारे आणि पुढचे दोन म्हणजे त्या हत्यारांनी केलेले काम. गणितज्ञांच्या जगात भास्कराचार्यांचे नाव गाजते ते चक्रवाल पद्धतीमुळे. एखाद्या वर्गसंख्येला ६१ ने गुणून त्यात १ मिळवला असता पुन्हा पूर्ण वर्गसंख्याच यावी, अशी सर्वांत लहान पूर्णांक संख्या कोणती, या प्रश्नाचे उत्तर आहे २२,६१,५३,९८०. चक्रवाल पद्धतीने ते मोजक्या पायऱ्यांत निघते. हाच प्रश्न सतराव्या शतकात फ्रान्सच्या फर्मा याने युरोपातील गणितज्ञांना आव्हान म्हणून घातला होता. त्याच्या पाचशे वर्षे आधी सह्याद्रीच्या परिसरात तो सुटलेला होता.

लीलावती या नावाभोवती एक कथा गुंफली गेली आहे. मुलीच्या विवाहाचा मुहूर्त मोजण्यासाठी मांडलेल्या घटिकापात्रात तिच्या दागिन्यातला मोती पडला, छिद्र बुजले, मुहूर्त टळला आणि तिचे दुःख हलके व्हावे म्हणून पित्याने तिच्या नावे ग्रंथ लिहिला, अशी ती कथा. तिचा उगम भास्कराचार्यांच्या लेखनात नाही. अकबराच्या दरबारातील फैजी याने १५८७ साली लीलावतीचे फारसी भाषांतर केले, त्याच्या प्रस्तावनेत ती येते. मूळ ग्रंथात लीलावतीला उद्देशून उदाहरणे आहेत, तशी ती मित्राला आणि व्यापाऱ्याला उद्देशूनही आहेत. त्या कथेतले घटिकापात्र मात्र अगदी खरे आहे. तळाला बारीक छिद्र असलेले तांब्याचे भांडे पाण्यावर सोडायचे आणि ते भरून बुडाले की एक घटिका, म्हणजे चोवीस मिनिटे झाली, असे मानायचे. भास्कराचार्यांच्या काळातील सारे निरीक्षण अशा कालमापनावर उभे होते आणि वाशीमच्या प्रश्नाशी त्याचा थेट संबंध येतो.

ग्रहगणितात भास्कराचार्यांनी घातलेली सर्वांत मोलाची भर म्हणजे तात्कालिक गतीची कल्पना. चंद्र रोज सारख्या वेगाने चालत नाही. आजचे स्थान आणि उद्याचे स्थान यांतील फरक म्हणजे आजची गती, असे धरले तर तिथी संपण्याचा क्षण चुकतो. कारण दिवसाच्या दिवसातही चंद्राचा वेग बदललेला असतो. म्हणून त्या क्षणाची गती काढली पाहिजे, असा त्यांचा आग्रह आहे आणि ज्यांच्या फरकांवरून ती काढण्याची रीतही त्यांनी दिली आहे. मध्यम आणि स्पष्ट ग्रह यांतील अंतर जेथे सर्वाधिक असते, तेथे त्या अंतराच्या बदलाचा वेग शून्य होतो, हेही त्यांनी ओळखले होते. काशीला अध्यापन करणारे महाराष्ट्रीय पंडित बापूदेवशास्त्री यांनी १८५८ साली या विवेचनाकडे पाश्चात्त्य विद्वानांचे लक्ष वेधले. कलनशास्त्राचा संपूर्ण डोलारा भास्कराचार्यांनी उभारला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण त्या शास्त्राच्या मुळाशी असलेला प्रश्न त्यांना पडला होता आणि तो चंद्रानेच त्यांच्यापुढे टाकला होता.

गोलाध्यायात ते पृथ्वीकडे वळतात. पृथ्वी गोल आहे, निराधार आहे आणि जड वस्तूंना आपल्याकडे ओढण्याची शक्ती तिच्या ठायी आहे, असे ते सांगतात. ही शक्ती किती अंतरावर किती असते, याचा नियम त्यांनी दिलेला नाही, तो न्यूटनचा. गोल पृथ्वी सपाट का दिसते, याचे त्यांनी दिलेले स्पष्टीकरण मात्र आजही तसेच्या तसे शिकवता येईल. वर्तुळाच्या परिघाचा शंभरावा भाग सरळ रेषेसारखा भासतो आणि माणसाच्या दृष्टीच्या टप्प्यात येणारा भाग तर त्याहूनही कितीतरी लहान असतो. पृथ्वीचा परीघ त्यांनी ४९६७ योजने धरला आहे. तो मोजण्याची पद्धत अशी. एकाच दक्षिणोत्तर रेषेवरील दोन गावांमधील अंतर मोजायचे, त्यांच्या अक्षांशांतील फरक काढायचा आणि त्रैराशिक मांडायचे. विषुववृत्तावरील लंकेपासून उज्जयिनी ही परिघाच्या सोळाव्या भागावर, म्हणजे साडेबावीस अंशांवर आहे, असे ते लिहितात. आजच्या मापाने उज्जैनचा अक्षांश २३ अंश ११ कलांच्या जवळपास भरतो.

ही दक्षिणोत्तर रेषा म्हणजेच मध्यरेषा. आज जगाचे घड्याळ ग्रीनिच येथून जाणाऱ्या रेखावृत्तावर लावलेले आहे. ही व्यवस्था १८८४ सालच्या वॉशिंग्टन परिषदेत ठरली. भारतीय ज्योतिषात तेच स्थान उज्जयिनीवरून जाणाऱ्या रेषेला होते. ग्रंथातील ग्रहांची सारी स्थाने त्या रेषेवरील सूर्योदयाच्या किंवा मध्यरात्रीच्या क्षणासाठी दिलेली असत. ज्याचे गाव रेषेच्या पूर्वेला, त्याच्याकडे सूर्य आधी उगवणार; जो पश्चिमेला, त्याच्याकडे नंतर. तेवढ्या वेळात ग्रह थोडा पुढे सरकलेला असतो. ही दुरुस्ती म्हणजे देशांतर संस्कार. तो केल्याशिवाय पैठणचे पंचांग काशीला चालणार नाही.

‘करणकुतूहल’ची उपयुक्तता इथे दिसते. सिद्धान्तग्रंथात सृष्टीच्या आरंभापासूनचे दिवस मोजायचे असल्याने आकडे अब्जांच्या घरात जातात. करणग्रंथात जवळचा एखादा शक आरंभ म्हणून घेतात. त्या क्षणाची ग्रहस्थाने, म्हणजे क्षेपक, तयार दिलेली असतात आणि पुढच्या दिवसांची गती तेवढी मिळवत जायची असते. भास्कराचार्यांनी आरंभ धरला तो शके ११०५. ग्रंथाचे दहा अधिकार असून मध्यम व स्पष्ट ग्रह, दिशा-देश-काल, चंद्रग्रहण, सूर्यग्रहण, ग्रहांचे उदयास्त, चंद्राची शृंगे, ग्रहयुती, पात आणि ग्रहणसंभव असे त्यांचे विषय आहेत. देशांतराचा नियम तर एका ओळीत मावणारा आहे. मध्यरेषेपासून आपले गाव जितकी योजने दूर असेल, त्या संख्येने ग्रहाच्या कलांतील दैनंदिन गतीला गुणावे आणि ८० ने भागावे. येणारे उत्तर विकलांमध्ये असते. गाव पूर्वेला असेल तर ते वजा करावे, पश्चिमेला असेल तर मिळवावे. हा ८० चा आकडा वरवर मनचा वाटतो; पण एका कलेच्या साठ विकला आणि गावाच्या अक्षांशावरील परीघ ढोबळ मानाने ४८०० योजने धरला की तो आपोआप निघतो. मोठे गणित गिळून लहान नियम हाती ठेवण्याचे कसब ते हेच.

मध्यरेषेवरील गावांची यादी देण्याचे कारणही तेवढेच व्यावहारिक आहे. विदर्भातील गणकाने उज्जैनपासूनचे अंतर मोजत बसू नये. आपल्या भागातून रेषा कोठून जाते, हे कळले की तेथून आपले गाव किती पूर्वेला वा पश्चिमेला, एवढेच त्याने पाहावे. यादीतील प्रत्येक गाव म्हणजे त्या त्या प्रदेशातील गणकासाठी रोवलेला मैलाचा दगड होता. वत्सगुल्म हा वऱ्हाडातला दगड.

हा दगड भास्कराचार्यांनी प्रथम रोवला असे मात्र नाही. त्यांच्या पाचशे वर्षे आधी त्याच नावाचा दुसरा एक ज्योतिर्विद होऊन गेला. आर्यभटीयावरील त्याचे भाष्य इ.स. ६२९ मधले आहे. ‘महाभास्करीय’ आणि ‘लघुभास्करीय’ हे त्याचे दोन ग्रंथ विसाव्या शतकाच्या मध्यास पुण्याच्या आनंदाश्रमाने छापले. या पहिल्या भास्करानेही मध्यरेषेवरील स्थानांत लंका, उज्जयिनी आणि स्थानेश्वर यांच्याबरोबर वात्स्यगुल्माचे नाव घेतले आहे. म्हणजे सातव्या शतकापासून बाराव्या शतकापर्यंत वाशीमचे हे स्थान ग्रंथांत टिकून होते. दोघांचे नाव एकच असल्याने पहिल्याचे श्रेय पुष्कळदा दुसऱ्याच्या पदरात टाकले जाते. लीलावतीकारांच्या मोठेपणाला अशा उसन्या श्रेयाची गरज नाही.

गणकांना वत्सगुल्म ठाऊक असावे, हे स्वाभाविक होते. वाकाटकांच्या दोन शाखांपैकी एकीची ही राजधानी. चौथ्या शतकात सर्वसेनाने या शाखेचा पाया घातला. त्याचा पुत्र दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट १९३९ साली वाशीम येथेच उजेडात आला आणि महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांच्या संशोधनामुळे वाकाटकांच्या इतिहासाचा हा हरवलेला दुवा जोडला गेला. अजिंठ्याचे सोळावे लेणे खोदवणारा वराहदेव हा याच शाखेतील हरिषेण राजाचा मंत्री. वैदर्भी साहित्याच्या परंपरेतही या नगराला मानाचे स्थान आहे. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह वत्सगुल्मातच लावून दिला आहे. भास्कराचार्यांच्या काळात वाकाटक जाऊन सहाशे वर्षांहून अधिक काळ लोटला होता. राजधानी संपली, तरी गणिताच्या पोथीत तिचे नाव उरले.

आता प्रश्न उरतो तो अचूकतेचा. आजच्या नकाशावर उज्जैनचे रेखांश ७५ अंश ४६ कला पूर्व आहेत आणि वाशीमचे ७७ अंश ८ कला. म्हणजे वाशीम उज्जैनच्या बरोबर दक्षिणेला नाही. ते सुमारे १ अंश २२ कला पूर्वेला आहे. वाशीमच्या अक्षांशावर हे अंतर १४० किलोमीटरच्या घरात जाते. कुरुक्षेत्राचे रेखांश ७६ अंश ५० कलांच्या आसपास आहेत. गंमत अशी, की वाशीम आणि कुरुक्षेत्र यांच्यात दक्षिणोत्तर हजार किलोमीटरहून अधिक अंतर असूनही त्यांच्या रेखांशांत जेमतेम १८ कलांचा फरक आहे. या दोघांची रेषा जवळपास जुळते. बाजूला पडते ती उज्जयिनीच. यावरून फार मोठे अनुमान काढता येणार नाही. कारण त्याच यादीतील कांची उज्जैनच्या तब्बल चार अंश पूर्वेला आहे. यादी सर्वत्र सारखी अचूक नव्हती, हे मान्य केलेच पाहिजे.

पण चूक किती आणि ती त्या काळाच्या साधनांनी कळण्यासारखी होती का, हे पाहिल्याशिवाय निवाडा देणे अन्यायाचे ठरेल. १ अंश २२ कला म्हणजे वेळेच्या भाषेत सुमारे साडेपाच मिनिटे, घटिकांच्या भाषेत चौदा पळांच्या जवळपास. उत्तर-दक्षिण अंतर ठरवणे सोपे असते. विषुवदिनी दुपारच्या शंकूच्या सावलीवरून कोणत्याही गावाचा अक्षांश काढता येतो. पूर्व-पश्चिम अंतराला असा कोणताही खुंटा नाही. वाटसरूंकडून ऐकलेली अंतरे वळणावळणाच्या रस्त्यांची असतात, शिवाय पृथ्वी गोल असल्याने त्यांवरून केलेला हिशेब बिघडतो, हा आक्षेप पहिल्या भास्कराच्या काळापासून माहीत होता. खरी रीत एकच, चंद्रग्रहणाची. ग्रहण सर्व ठिकाणांहून एकाच क्षणी दिसते; पण त्या क्षणाची स्थानिक वेळ प्रत्येक गावी वेगळी असते. मध्यरेषेवर ग्रहण किती घटिकांना लागेल, हे गणिताने काढायचे, आपल्या गावी ते किती घटिकांना लागले, हे पाहायचे आणि दोहोंतील फरकावरून देशांतर ठरवायचे. दोन्ही भास्करांनी ही रीत दिली आहे.

रीत निर्दोष होती, साधने अपुरी होती. पृथ्वीच्या छायेची कडा धूसर असते. चंद्रबिंब तिच्यात शिरू लागले, हे नुसत्या डोळ्यांना उमगेपर्यंत काही मिनिटे निघून जातात. सूर्यास्तापासून घटिकापात्रे मोजत आणलेल्या वेळेत आणखी चूक भरते. गणिताने काढलेला ग्रहणकाळही काही मिनिटांनी इकडेतिकडे होत असे. अशा स्थितीत साडेपाच मिनिटांचा फरक निरीक्षणाच्या धुक्यात सहज हरवून जाण्यासारखा होता. वाशीमच्या गणकाने आपले गाव मध्यरेषेवर आहे असे मानून देशांतर संस्कार केलाच नाही, तर त्याचे किती नुकसान होई? भास्कराचार्यांच्याच नियमाने ते काढता येते. १ अंश २२ कलांची त्यांच्या मापाने या अक्षांशावर साडेसतरा योजनांहून थोडी अधिक योजने होतात. चंद्राची दैनंदिन गती ७९० कला ३५ विकला. गुणून ८० ने भागले की सुमारे १७५ विकला, म्हणजे तीन कलांना थोडी कमी एवढी चूक येते. चंद्रबिंबाच्या रुंदीच्या दहाव्या हिश्शाएवढी ही चूक. सूर्याच्या बाबतीत ती अवघी १३ विकला भरते. पंचांगातील तिथी साडेपाच मिनिटांनी मागेपुढे होई, यापलीकडे काही बिघडत नसे. चांद्रमासाची, सणावारांची आणि ग्रहणांची सारी व्यवस्था त्या चुकीसकट नीट चालत होती.

भास्कराचार्यांच्या सूर्यमालेत सूर्य आणि चंद्र धरून सात ग्रह आणि चंद्राचे दोन पात होते. मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये हजारो लघुग्रहांचा पट्टा फिरतो आहे, हे दुर्बिणीशिवाय कळण्यासारखे नव्हते. त्यातील सर्वांत मोठा सेरेस हा १ जानेवारी १८०१ रोजी इटलीतील पालेर्मो येथे पियाझ्झी याला दिसला आणि काही आठवड्यांतच सूर्याच्या तेजात हरवला. मोजक्या निरीक्षणांवरून गाउस या तरुण जर्मन गणितज्ञाने त्याची कक्षा काढली आणि त्याच वर्षअखेरीस तो पुन्हा सापडला. सेरेसचा व्यास सुमारे ९४० किलोमीटर आहे. तो स्वतःभोवती नऊ तासांत फिरतो आणि सूर्याभोवती साधारण १६८० दिवसांत. सूर्यापासून त्याचे सरासरी अंतर पृथ्वीच्या अंतराच्या पावणेतीन पटींहून किंचित अधिक आहे. २००६ साली त्याला बटुग्रह म्हटले गेले आणि २०१५ मध्ये ‘डॉन’ यान त्याच्याभोवती फिरू लागले, तेव्हा त्याच्या विवरांत चकाकणारे क्षारांचे थर दिसून आले.

आज अशा लघुग्रहाचे स्थान काढताना जे टप्पे घेतात, ते ‘करणकुतूहल’ वाचलेल्या माणसाला परके वाटणार नाहीत. एक आरंभक्षण निवडायचा, त्या वेळचे मध्यम स्थान घ्यायचे, त्यात रोजची मध्यम गती मिळवत जायची. सेरेससाठी ती १२ कला ५१ विकला आहे. मग कक्षेच्या लंबवर्तुळपणामुळे येणारा फरक, भास्कराचार्यांच्या भाषेत मंदफल, काढायचा. सेरेससाठी तो जास्तीत जास्त नऊ अंशांच्या आसपास जातो. शेवटी निरीक्षक पृथ्वीवर कोठे उभा आहे, याची दुरुस्ती करायची. त्यांची मंदवृत्ते जाऊन केप्लरची लंबवर्तुळे आली, पृथ्वीऐवजी सूर्य मध्यभागी गेला, गुरूच्या ओढीचा हिशेब त्यात आला. हिशेबाची मांडणी मात्र ओळखीची राहिली. वाशीमपासून सरळ रेषेत सुमारे ६५ किलोमीटरवर असलेले लोणारचे विवर अवकाशातून आलेल्या अशाच एका शिळेच्या आघाताने काळ्या बेसॉल्टमध्ये कोरले गेले आहे. भास्कराचार्यांच्या काळी ते तीर्थस्थान होते; त्याच्या जन्माचे कारण विसाव्या शतकात उलगडले.

‘करणकुतूहल’चे आयुष्य मोठे ठरले. देशाच्या अनेक भागांत त्यावरून पंचांगे होत राहिली, त्यावर टीका लिहिल्या गेल्या आणि कोष्टके रचली गेली. पुढे कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० साली ‘ग्रहलाघव’ लिहिला, तेव्हा महाराष्ट्रातील पंचांगकर्ते हळूहळू त्याकडे वळले. गणेश दैवज्ञ हे लीलावतीचेही टीकाकार होते; म्हणजे ज्यांनी भास्कराचार्यांची पोथी मागे टाकली, त्यांची जडणघडणही भास्कराचार्यांच्याच ग्रंथांवर झाली होती. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी टेलर आणि कोलब्रुक यांनी लीलावतीची इंग्रजी भाषांतरे केली. भारताने ७ जून १९७९ आणि २० नोव्हेंबर १९८१ रोजी अवकाशात धाडलेल्या दोन भू-निरीक्षण उपग्रहांना ‘भास्कर’ हे नाव मिळाले. पृथ्वीचा परीघ शंकूच्या सावलीवरून मोजणाऱ्याचे नाव पृथ्वीची छायाचित्रे काढणाऱ्या यंत्राला शोभून दिसले.

वाशीम १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळे होऊन स्वतंत्र जिल्हा झाले. बालाजी मंदिर आणि पद्मतीर्थ यांसाठी ते अधिक ओळखले जाते. शहरातील मध्यमेश्वर या शिवस्थानाशी मध्यरेषेची आठवण जोडलेली आहे आणि पृथ्वीचा मध्य येथून जातो, अशी श्रद्धा तेथे सांगितली जाते. या श्रद्धेला ग्रंथाधार आहे, फक्त त्याचा अर्थ नीट लावला पाहिजे. गोलाच्या पृष्ठभागावर मध्य असा कोठेच नसतो, हे भास्कराचार्य उत्तम जाणत होते. त्यांची मध्यरेषा ही मोजणीच्या सोयीसाठी सर्वांनी मानलेली रेषा होती. जशी आज ग्रीनिचची आहे. ती उज्जयिनीवरून गेली, कारण तेथे निरीक्षणाची परंपरा होती. ती वत्सगुल्मावरून गेली, कारण विदर्भातील गणकाला हाताशी एक खूण हवी होती.

सत्तरीच्या उंबरठ्यावरील एका थोर गणितज्ञाने कठीण सिद्धान्त बाजूला ठेवून गावोगावच्या पंचांगकर्त्यांसाठी हा हिशेब सोपा करून दिला. त्याच हिशेबाने तपासले असता वाशीम रेषेवरून साडेसतरा योजने ढळलेले दिसते. त्यांच्या नियमाप्रमाणे पूर्वेकडच्या गावासाठी हा संस्कार वजा करायचा असतो. वाशीमच्या पंचांगकर्त्याने चंद्राच्या स्थानातून १७५ विकला वजा केल्या, की त्याचे गणित बिनचूक जुळते.